ईमेलचा रकाना नुसता बघू नका, पत्र पाठवून खात्री करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की संस्थांच्या पत्रकांत एक ओळ हमखास असते: पुढील सर्व सूचना अर्जदाराने नोंदवलेल्या ईमेलवर पाठवल्या जातील, ईमेल न पाहिल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. मला या ओळीबद्दल लिहायचं आहे. अर्जदाराने ईमेल पाहायला हवा, यात वादच नाही. पण ज्या पत्त्यावर सूचना जाणार आहेत तिथं पत्र पोचतं का, आणि तो पत्ता त्याच अर्जदाराचा आहे का, हे संस्थेने एकदा तरी पाहिलेलं असतं का? मी रोज जे फॉर्म भरते त्यातल्या बहुतेकांत हे कुणी पाहत नाही. पाहिलं जातं ते भलतंच, आणि त्याचा भुर्दंड पोरांना बसतो.

मी सांगोल्यात एसटी स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते. लग्नाआधी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते. फॉर्म मुद्दाम वेडेवाकडे भरायचे आणि कुठं फसतात ते प्रोग्रामरला दाखवायचं, हेच काम. म्हणून हा विषय मला काउंटरच्या दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

गेल्या वर्षी नर्सिंगच्या प्रवेशासाठी एका मुलीने घरच्या मोबाइलवरून अर्ज भरला. ईमेलच्या रकान्यात जीमेल डॉट कॉमऐवजी जीमेल डॉट कॉन पडलं. कीबोर्डवर एन आणि एम शेजारी शेजारी आहेत, अंगठा जरा सरकला की झालं. फॉर्मने त्या पत्त्यापुढं हिरवी खूण दाखवली. मोबाइल नंबरला ओटीपी आला, तो तिने टाकला, पैसे भरले, पावती निघाली. जातीच्या दाखल्याची पुसट प्रत पुन्हा अपलोड करा, असं पत्र संस्थेने त्या ईमेलवर पाठवलं. ते कुठंच पोचलं नाही, पोचणारही नव्हतं, कारण डॉट कॉन नावाचा शेवट इंटरनेटवर अस्तित्वातच नाही. मैत्रिणीचं नाव यादीत आलं, हिचं आलं नाही, तेव्हा ती वडिलांना घेऊन माझ्याकडे आली. मी लॉगिन करून बघितलं. प्रोफाइलमध्ये नाव बदलायला बटण होतं, घरचा पत्ता बदलायला होतं, फोटो बदलायला होतं. ईमेलचा रकाना मात्र राखाडी करून बंद ठेवलेला. हेल्पलाइनवर उत्तर मिळालं की ईमेल बदलायचा असेल तर नोंदणी केलेल्या ईमेलवरूनच विनंती पाठवा. त्या फेरीत तिची जागा गेली. पुढच्या फेरीत दुसऱ्या जिल्ह्यातलं कॉलेज मिळालं, घरापासून लांबचं, आणि वसतिगृहाचा खर्च वडिलांच्या डोक्यावर आला.

त्या हिरव्या खुणेचा अर्थ काय होता, हे वाचकांना कळायला हवं. प्रोग्रामर ईमेलच्या रकान्यामागे अक्षरांचा एक साचा लावतात, त्याला रेगेक्स म्हणतात. आधी काही अक्षरं, मग ॲट, मग काही अक्षरं, मग डॉट, मग पुन्हा दोन-चार अक्षरं. या साच्यात जे बसेल ते बरोबर, न बसेल ते चूक. डॉट कॉन त्यात व्यवस्थित बसतं. म्हणजे साचा फक्त घाट बघतो, पत्ता खरा आहे की नाही हे त्याला कधीच कळू शकत नाही. अमेरिकेतलं उदाहरण बघा. तिथल्या लष्कराचे पत्ते डॉट एमआयएल असे संपतात, आणि डॉट एमएल हा आफ्रिकेतल्या माली देशाचा शेवट आहे. मधला आय गाळला गेल्यामुळे लष्कराची लाखो पत्रं वर्षानुवर्षं मालीच्या पत्त्यांकडे जात होती, ही बातमी जुलै २०२३ मध्ये जगभर गाजली. डॉट एमएल हा खराखुरा शेवट असल्यामुळे कुठल्याही साच्याने त्या चुकीला हरकत घेतली नसती.

खोट्याला आत घेणारा हाच साचा खऱ्याला मात्र दारात अडवतो. आमच्या तालुक्यात पाणलोटाचं काम करणारी एक संस्था आहे. तिचा ईमेल डॉट फाउंडेशन असा संपतो. हा शेवट दहा अक्षरांचा आणि पूर्णपणे अधिकृत आहे. इंटरनेटवर असे नवे शेवट २०१३ पासून सुरू झाले आणि आज शेकड्यांनी आहेत. पण एका कंपनीच्या निधीसाठी संस्थेचा अर्ज भरायला बसलो, तर लाल अक्षरांत 'अवैध ईमेल'. त्या फॉर्ममागचा साचा शेवटाला फार तर चार अक्षरं मान्य करणारा होता. म्हणजे डॉट म्युझियम हा २००१ सालापासून चालू असलेला सहा अक्षरी शेवटही त्याने नाकारला असता. असे साचे कुणीतरी केव्हातरी लिहिलेले असतात, नवा प्रोग्रामर ते जुन्या कामातून उचलतो, आणि ते एका वेबसाइटवरून दुसरीवर जात राहतात. पुण्यात मी हे डोळ्यांनी बघितलं आहे. अधिक चिन्हाचंही तेच. जीमेलमध्ये आपल्या नावापुढं अधिक चिन्ह टाकून 'बँक' किंवा 'शाळा' असा शब्द जोडता येतो आणि पत्र आपल्याच पेटीत येतं. माझ्या दुकानाचा हिशोब मी असाच वेगळा ठेवते. कित्येक फॉर्म ते चिन्ह दिसताच अडून बसतात. गोव्यातल्या आणि वसईतल्या डि'सोझा, डि'मेलो अशा आडनावांच्या लोकांना तर वरची ती छोटी खूण ईमेलमध्येच काय, नावाच्या रकान्यातही घालू दिली जात नाही. ईमेलच्या नियमांत ती खूण चालते, अधिक चिन्हही चालतं. नियम गुप्त नाहीत. १९८२ पासून छापलेले आहेत, २००८ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाले, आणि कुणालाही फुकट वाचता येतात.

त्याच नियमांत लांबीचीही मर्यादा आहे. ॲटच्या आधी ६४ अक्षरं, आणि सगळा पत्ता मिळून २५४. आता आमच्या भागातलं साधं नाव घ्या. ज्ञानेश्वर आणि क्षीरसागर हे रोमन लिपीत सलग लिहिलं की नाव अकरा अक्षरांचं आणि आडनाव दहा अक्षरांचं, एकवीस झाली. पुढं ॲट आणि जीमेल डॉट कॉम मिळून दहा. एकूण एकतीस. आणि फॉर्म बनवणाऱ्याने रकाना ठेवलेला असतो तीस अक्षरांचा! तिसाव्या अक्षरानंतर कीबोर्ड दाबला तरी काही उमटत नाही, कुठली सूचना येत नाही, रकाना लाल होत नाही. शेवटचा एम गळतो आणि पत्ता जीमेल डॉट को असा राहतो. डॉट को हा कोलंबिया देशाचा शेवट आहे, खराखुरा आहे, त्यामुळे साचा त्याला आनंदाने हिरवी खूण देतो. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पत्त्याची शेपटी दिसतही नाही. हे मी एका शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर पकडलं, कारण प्रिंट काढल्यावर ओळ न् ओळ वाचायची मला सवय आहे. घरी भरणाऱ्या मुलाने ते कसं पकडावं? लांब नाव ही त्याची चूक नाही. रकाना आखताना कुणीतरी आपल्या लोकांची नावं डोळ्यांपुढं आणली नाहीत.

आता 'अवैध ईमेल' या दोन शब्दांबद्दल. गिऱ्हाईक येतं, मोबाइल पुढं करतं. "ताई, माझा ईमेल चुकीचा हाय म्हणतंय बघा ह्ये." मी बघते, तर पत्ता बरोबर असतो, फक्त त्याच्या शेवटी एक रिकामी जागा चिकटलेली असते. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलं की ती येते. किंवा डॉट दाबल्यावर फोनने आपणहून जागा सोडलेली असते. किंवा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि पत्त्यातले आकडे देवनागरी पडलेले असतात, जे माणसाला अगदी बरोबरच दिसतात. मागची-पुढची रिकामी जागा काढून टाकणं हे प्रोग्रामरचं एका ओळीचं काम आहे. देवनागरी आकडे असतील तर तसं सांगणंही अवघड नाही. रकाना ईमेलचा आहे हे फॉर्ममध्ये नीट नमूद केलं तर बहुतेक फोन आपणहून ॲटची कळ असलेला रोमन कीबोर्ड पुढं आणतात. ते न करता दोन शब्द तोंडावर फेकले जातात, आणि माणूस समजतो की आपल्याकडे योग्य ईमेलच नाही.

मग तो काय करतो? नवीन जीमेल खातं काढतो. 'नवीनच काढून द्या ताई' ही मागणी माझ्या दुकानात झेरॉक्सच्या खालोखाल असते. चांगलं चाललेलं खातं असताना दुसरं निघतं, त्याचा पासवर्ड हॉल तिकिटाच्या मागं पेन्सिलीने लिहिला जातो आणि हॉल तिकीट परीक्षेनंतर हरवतं. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाला तोच ईमेल लागतो. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. म्हणजे पहिल्या वर्षाला उघडलेलं खातं तिसऱ्या वर्षाला असेलच असं नाही. मी शक्यतो नवं खातं काढून देत नाही, आधी जुनं शोधायला लावते. त्यात वेळ जातो, रांग वाढते, काही लोक शेजारच्या दुकानात जातात. जाऊ देत.

त्याहून वाईट प्रकार आहे तो दुकानदाराचाच ईमेल टाकण्याचा. ईमेलचा रकाना तारांकित असतो, तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. समोर सत्तरीची आजी निराधार योजनेची चौकशी करायला किंवा नातवाबरोबर आलेली असते, तिच्याकडे ईमेल कुठून असणार? मग ऑपरेटर स्वतःचा पत्ता टाकतो, नाहीतर एबीसी ॲट जीमेल डॉट कॉम असं काहीतरी ठोकून देतो. साच्याच्या दृष्टीने दोन्ही अगदी वैध. एकाच ऑपरेटरच्या पेटीत गावभरच्या लोकांची पत्रं जमा होतात, आणि त्याने दुकान बंद केलं की सगळी बुडाली. मी ऑपरेटरला दोष देते, पण रकाना सक्तीचा करणाऱ्याला जास्त देते. ज्याच्याकडे ईमेल नाही त्याला 'नाही' म्हणायची सोय फॉर्ममध्ये हवी, आणि त्याची सूचना एसएमएसने किंवा टपालाने जायला हवी. सक्तीने माणसाकडे ईमेल येत नाही, फॉर्मात खोटा पत्ता येतो.

हे खोटे आणि चुकलेले पत्ते हवेत विरत नाहीत, ते कुणाच्या तरी पेटीत पडतात. माझ्या माहेरच्या आडनावाचा एक जुना जीमेल पत्ता आहे, कुठलाही आकडा न जोडलेला, साधा. त्याच आडनावाचे आणि असा साधा पत्ता आपलाच असेल असं मानणारे देशभर बरेच आहेत. त्यामुळे माझ्याकडे अनोळखी माणसांच्या विम्याच्या पॉलिसी येतात, कुणाच्या रक्ततपासणीचे अहवाल येतात, कुणाच्या मुलाच्या शाळेच्या फीची पावती येते. एकदा एका बाईंचा गरोदरपणातला सोनोग्राफीचा अहवाल आला, वर संपूर्ण नाव, वय, पत्ता. मी तो पुसला आणि लॅबला फोन करून सांगितलं की पत्ता चुकलाय. पलीकडच्या मुलाने विचारलं, "मग तुमचं नाव काय, मी बदलून घेतो." त्याने माझं नाव घालायचं नाही, त्या बाईंना त्यांचा बरोबर पत्ता विचारायचा, हे समजावण्यात बराच वेळ गेला. त्या बाई त्या वेळी कुठंतरी अहवालाची वाट बघत बसल्या असतील. कुणाच्या घरातली सर्वांत खासगी गोष्ट परक्या माणसाच्या फोनवर उघडते, आणि पाठवणाऱ्याच्या संगणकावर 'पाठवले' अशी नोंद होते. हे मला फार लागतं.

यावर उपाय माहीत नाही असं नाही. उपाय त्याच फॉर्ममध्ये, वरच्याच रकान्यात वापरलेला असतो. मोबाइल नंबरला ओटीपी पाठवल्याशिवाय एकही पान पुढं जात नाही. मग ईमेलला का नाही? प्रत्येक एसएमएसला पैसे पडतात, ईमेल पाठवायला जवळजवळ काहीच पडत नाही. पत्त्यावर एक पत्र पाठवावं, त्यात एक दुवा किंवा कोड असावा, अर्जदाराने तो दाबला किंवा टाकला की पत्ता पक्का. पत्र पोचलं म्हणजे पत्ता चालू आहे, आणि कोड परत आला म्हणजे तो याच माणसाचा आहे. या दोन्ही गोष्टी जगातला कुठलाही साचा सांगू शकत नाही. पोस्टमन दार ठोठावतो तेव्हाच पत्ता बरोबर होता की नाही ते कळतं, लिफाफ्यावरच्या अक्षराकडे बघून कळत नाही.

काही वेबसाइटवर याच्याऐवजी ईमेल दोनदा लिहायला लावतात, आणि दुसऱ्या रकान्यात पेस्ट बंद ठेवतात. त्याने काही साधत नाही. ज्याला आपला पत्ता चुकीचा आठवतो तो दोन्ही वेळा तसाच लिहितो, आणि ज्याला हात थरथरत असल्याने टाइप करणं जड जातं त्याला दुप्पट त्रास.

कोडआधीही थोडी तपासणी असावी, माझं म्हणणं तपासणी नकोच असं नाही. ॲट आहे का, त्याच्या दोन्ही बाजूंना काही आहे का, एवढं साच्याने बघावं. मग ॲटच्या पुढच्या नावाला टपाल घेणारा सर्व्हर नेमलेला आहे का, हे इंटरनेटच्या नामसूचीत विचारावं. त्या नोंदीला एमएक्स म्हणतात आणि उत्तर क्षणात येतं. जीमेल डॉट कॉनला तिथंच 'असं नावच नाही' हे उत्तर आलं असतं आणि त्या मुलीचं वर्ष हुकलेल्या कॉलेजातच सुरू झालं असतं. जीमेल डॉट को, जीमियल, याहू डॉट कॉन अशी नेहमीची घसरण दिसली तर 'तुम्हाला जीमेल डॉट कॉम म्हणायचं आहे का?' असं विचारावं. विचारावं फक्त, स्वतः बदलू नये. माणसाने 'नाही, हाच बरोबर' म्हटलं तर मुकाट्याने मान्य करावं.

कोडच्या बाबतीत खेड्यातली परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. दहा मिनिटांत संपणारा कोड आमच्याकडे निरुपयोगी आहे. पत्र कधी स्पॅममध्ये जातं. मुलाचा ईमेल वडिलांच्या फोनमध्ये असतो आणि वडील डाळिंबाच्या बागेत फवारणीला गेलेले असतात, तिथं रेंज नसते. दुवा किमान दोन दिवस चालावा. तोवर अर्ज अडवू नये, भरून घ्यावा, आणि लॉगिनच्या पानावर ठळक लिहावं की ईमेलची खात्री बाकी आहे. दोन दिवसांत खात्री झाली नाही तर मोबाइलवर एसएमएस जावा. आणि ईमेल बदलायचं बटण हवंच हवं. मोबाइलच्या ओटीपीवर ते सहज चालेल. चुकलेल्या पत्त्यावरूनच दुरुस्तीचा अर्ज मागवणं म्हणजे बंद खोलीची किल्ली खोलीतच ठेवून माणसाला बाहेर उभं करणं.

आणखी एक गोष्ट संस्थांच्या कार्यालयांसाठी. पोचू न शकलेला ईमेल पाठवणाऱ्याकडे परत येतो. समोरचा सर्व्हर ५५० असा क्रमांक देऊन कळवतो की या नावाची पेटी इथं नाही, आणि डॉट कॉनसारखं समोर काहीच नसेल तर पाठवणाऱ्याचा स्वतःचा सर्व्हर तसं कळवतो. ही परतीची पत्रं 'नो-रिप्लाय' नावाच्या पेटीत साचतात आणि ती पेटी कुणी उघडत नाही. प्रवेशाच्या काळात एका लिपिकाने रोज संध्याकाळी ती यादी काढून त्या अर्जदारांना फोन केला असता, तर त्या नर्सिंगच्या मुलीला दुसऱ्या दिवशीच कळलं असतं. संस्थेच्या हातात तो कागद आलेला होता. 'संस्था जबाबदार राहणार नाही' ही ओळ म्हणूनच मला पटत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यातही हेच तत्त्व आहे. ज्या माहितीच्या आधारे माणसाबद्दल निर्णय होणार ती पूर्ण आणि अचूक असेल हे बघणं माहिती ठेवणाऱ्याचं काम आहे, आणि ती दुरुस्त करून मागणं हा माणसाचा हक्क आहे. राखाडी करून बंद ठेवलेला रकाना यात कुठं बसतो, हे संस्थांनी सांगावं.

प्रोग्रामर मंडळींचा एक आक्षेप मला माहीत आहे, कारण कंपनीत असताना तो रोज ऐकला आहे. साचा कडक ठेवला नाही तर कुणी रकान्यातून घातक मजकूर आत घुसवेल, असं ते म्हणतात. तो धोका खरा आहे, पण त्याची जागा वेगळी आहे. माहिती डेटाबेसमध्ये ठेवताना आणि पानावर दाखवताना ती सुरक्षित करायची असते, आणि ते अधिक चिन्ह किंवा डि'सोझांची खूण नाकारून होत नाही. दुसरं असं की कुणी खोडसाळपणे दुसऱ्याचा पत्ता टाकून त्याला शंभर कोड पाठवायला लावू शकतो. त्यासाठी एका पत्त्यावर दिवसाला ठरावीकच कोड जातील अशी मर्यादा घालता येते, मोबाइलला ती आजही आहेच.

शेवटी आपल्या लिपीचा विषय, आणि तो मराठी वृत्तपत्राकडे मांडायलाच हवा. देवनागरीत ईमेल पत्ता असू शकतो हे अनेक वाचकांना ठाऊक नसेल. त्याचे आंतरराष्ट्रीय नियम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये डॉट भारत हा देवनागरी शेवट सुरू झाला, त्यात मराठी आणि कोकणीही होत्या, आणि त्याच महिन्यात जीमेलने अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करायची सोय केली. राजस्थान सरकारने २०१७ मध्ये नागरिकांना हिंदीतला ईमेल पत्ता द्यायला सुरुवात केली. आणि आपल्याकडे? पूर्ण मराठीत असलेल्या फॉर्मवर, जिथं 'अर्जदाराचे नाव' पासून 'जतन करा' पर्यंत सगळं मराठी आहे, तिथं देवनागरी ईमेल टाकून मी मुद्दाम बघते. प्रत्येक वेळी लाल. मी वापरते त्या ब्राउझरची स्वतःची तपासणीसुद्धा ॲटच्या आधी देवनागरी अक्षर आलं की अडवते, म्हणजे ते सगळंच आपल्या वेबसाइटवाल्यांच्या हातात नाही, हेही सांगायला हवं. पण जो प्रोग्रामर स्वतःचा साचा लिहितो त्याने रोमन अक्षरांचीच यादी का लिहावी? ही बाजू जगभर सुधारावी म्हणून २०२३ पासून दरवर्षी मार्चमध्ये एक दिवस पाळला जातो, त्यात भारतातल्या संस्था पुढाकार घेतात. मराठीतले फॉर्म बनवणाऱ्यांनी त्या संस्थांच्या यादीत आपलं नाव घालायला काय हरकत आहे? आज आमच्या तालुक्यात असा पत्ता वापरणारं माणूस मला भेटलेलं नाही. पण ज्या पत्त्याला एकही फॉर्म आत घेत नाही तो पत्ता लोक काढतील तरी कशाला?

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या प्रवेशफेरीचे फॉर्म उघडण्याआधी संस्थांनी आणि त्यांना वेबसाइट करून देणाऱ्या कंपन्यांनी एवढं करावं: रकाना २५४ अक्षरांचा, कडेची रिकामी जागा आपोआप निघणारी, पत्त्यावर कोड, दुरुस्तीचं बटण, आणि परत आलेल्या पत्रांची यादी रोज बघणारा एक माणूस. चांगल्या प्रोग्रामरचं यातलं काम आठवड्याभराचंही नाही. आपल्या वृत्तपत्राने प्रवेशाच्या पुरवणीत कॉलेजांची माहिती छापताना, अमुक संस्था अर्जदाराचा ईमेल कोड पाठवून पक्का करते की नाही, एवढा एक स्तंभ वाढवला तर पालकांना अर्ज भरतानाच कळेल की इथं पावतीवरचा ईमेल आपणच अक्षर न् अक्षर तपासायला हवा.

आपली,
एक वाचक
सांगोला, जि. सोलापूर